कंटाळवाणा शेवट

शालनकाकू मागच्या दारानं आत आल्या तेव्हा वैजयंता मोहिते मोरीपाशी उभी राहून दात घासत होती. काकूंच्या एका हातात पिठल्याचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. डोळे रडून सुजले होते. वैजूला बघून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. कराडच्या त्या गल्लीत हा रिवाज अजून कुणी मोडला नव्हता. घराघरात भिंतीएवढे टीव्हीचे पडदे आले, दळणाची गिरणी माणसाशिवाय चालू लागली, तरी पिठलं-भाकरी तशीच राहिली. काकूंनी पहाटे उठून तोच रिवाज पाळला होता. अडचण एवढीच होती की जी गेली तिच्याच तोंडात ब्रश होता.

"हातानं आपोआप झालं गं," काकू म्हणाल्या. "रातभर डोळ्याम्होरनं हलत न्हवतं. उठले, पीठ मळलं, आन् भाकरी थापताना ध्यानातच आलं न्हाई की तू हाईस."

"हाय मी," वैजू चूळ भरून म्हणाली. "ठेवा तिथं. भूक लागलीया."

पण तोवर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिनं पातेल्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शालन, माझ्या घरात चूल पेटलीया," ती म्हणाली. "ते माघारी ने." काकू खाली मान घालून आल्या वाटेनं परत गेल्या. दूध उतू जाईपर्यंत आई गॅसपुढे नुसती उभी होती.

आदल्या संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रानं वैजूला मरताना पाहिलं होतं. 'अतिदक्षता' ही मालिका तेव्हा घराघरात चाले. तिच्यातले डॉक्टर नट होते, पण रोगी नट नसत. रोगी म्हणून यायच्या त्या खऱ्या माणसांच्या देहछाया. देहछाया म्हणजे माणसाच्या शरीराची संगणकात उभी केलेली प्रतिकृती. यंत्राच्या बोगद्यात झोपवून शरीराचा कण न् कण टिपायचा, महिनाभर छातीला पट्टा बांधून हृदयाची चाल नोंदवायची, रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि त्यातून असा देह तयार करायचा की त्याला औषध दिलं तर ते मूळ माणसाला जसं लागू पडेल तसंच लागू पडावं. त्या देहावर शस्त्रक्रिया करता येई. त्याच्यावरून एका दिवसात दहा वर्षं पुढे सरकवता येत. चुकलं तर पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा प्रत्येक फेरीला तालीम म्हणत.

हे तंत्र निघालं होतं दवाखान्यांसाठी. पण एका तालमीला यंत्राचा वेळ इतका लागे की सरकारी रुग्णालयात एका रोग्याच्या वाट्याला एकच तालीम येई, आणि तिच्यासाठीही रांग. मालिकेवाल्यांना कसली रांग? ज्याच्याकडे जाहिराती त्याच्याकडे यंत्रं, त्यामुळे माणसं वाचवायच्या यंत्राचा बराचसा वेळ माणसं रडवण्यात जात होता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

वैजू कबड्डीपटू होती, चढाईची. राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात समोरच्या दोघींना बाद करून मध्यरेषेकडे परतताना ती कोसळली. कुणी पकडलं नव्हतं, कुणी धक्काही दिला नव्हता. रुग्णालयात कळलं की हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड झाली आहे. शरीर शांत असताना काही जाणवत नाही, पण धावू लागलं की तीच भिंत रक्ताची वाट अडवते. छाती उघडून भिंत तासायची, छातीत झटका देणारी डबी बसवायची की औषधांवर राहायचं, हे ठरवायला तालीम हवी होती आणि तालमीचा नंबर लागणार होता दिवाळीनंतर. त्याच आठवड्यात मालिकेवाल्यांचा फोन आला. वैजूनं छाया भाड्यानं द्यायला होकार दिला तो प्रसिद्धीसाठी नाही. निदान यांच्या यंत्रातून तरी आपल्याला काय होणार ते कळेल, असा तिचा हिशेब होता.

ते कळलंही. काल संध्याकाळी तिच्या छायेची छाती उघडली, भिंत तासली, सगळं छान झालं म्हणून डॉक्टर झालेल्या नटानं मास्क खाली केला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत हृदयाची लय बिघडली ती सावरलीच नाही. वैजू स्वतःच्याच चेहऱ्याचा रंग जाताना बघत होती. शेजारी बसलेल्या आईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सकाळपर्यंत बोटांचे वळ राहिले.

दुपारपर्यंत संघातून नाव गेलं. निवड समितीचा माणूस फोनवर हळहळत म्हणाला, "ताई, छायेनं दाखवलंय म्हटल्यावर आम्ही जोखीम कशी घ्यायची?" तिच्या मंडळाच्या पोरींनी कार्यालयात तिचा फोटो लावला. हार घातला नव्हता, पण खिळा मात्र हाराच्या अंदाजानंच ठोकलेला होता. वैजूनं जाऊन तो फोटो उतरवून आणला. कुणी अडवलं नाही, कुणी डोळ्याला डोळाही दिला नाही. जिवंत माणसाला इतक्या आदरानं वागवलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचा मनस्वी राग आला.

संध्याकाळी मालिकेचा निर्माता अद्वैत दळवी याचा फोन आला. आवाज मधाळ, बोलणं भरभर. पुढच्या बुधवारी मालिकेचा खास थेट कार्यक्रम होता आणि त्याला पाहुणी म्हणून वैजू हवी होती. "मॅडम, तुमच्या भागानं सगळे विक्रम मोडले. लोकांना तुम्हाला जिवंत बघायचंय."

"मलाबी," वैजू म्हणाली.

तो हसला. मोकळेपणानं हसणारा माणूस होता आणि मोकळेपणानं बोलणाराही, तिथंच तो फसला. "तुमच्यासाठी आमचे लेखक किती राबले तुम्हाला कल्पना नाही. तालमीवर तालमी. काहींत तर इतका कंटाळा, काय सांगू. तुम्ही गोळ्या घेता, बऱ्या होता, घरी जाता. संपलं. त्यात गोष्टच नाही. मग शस्त्रक्रियेची तालीम निघाली आणि आम्हाला कळलं, हाच आपला भाग."

फोन दुसऱ्या हातात घेऊन वैजूनं शांतपणे विचारलं, "मी बरी झाले? कशानं?"

"ते तांत्रिक असतं," दळवी म्हणाला. आता आवाजातला मध जरा कमी झाला होता. "न वापरलेल्या तालमी कुणालाही देत नाही आम्ही. छाया तुमची, मान्य. पण तिच्यावर रचलेली गोष्ट कंपनीची. करारात आहे ते."

दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात डॉ. शमा मुजावर यांच्याकडे गेली. शमा मॅडम तिच्या हृदयाच्या डॉक्टर. कमी बोलायच्या आणि बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला एकच तालीम मिळणार," त्या म्हणाल्या. "त्या एकीत मी कुठलं औषध देऊ? किती मात्रेनं? चुकीचं निवडलं तर छाया जाते आणि मला कळतं की हे नको. पण काय हवं ते कळत नाही. तू ज्यात जगलीस अशी तालीम त्यांच्याकडे असेल, तर ती मला तुझ्या सगळ्या तपासण्यांपेक्षा महत्त्वाची आहे, वैजयंता. मी त्यांना लिहिते."

"लिवा," वैजू म्हणाली. "मी जाऊन मागते."

रुग्णालयाच्या पत्राला कंपनीच्या वकिलाचा नकार आला, अतिशय नम्र. वैजूनं ते वाचलं आणि थेट शालनकाकूंचं दार वाजवलं. "काकू, बुधवारी पिठलं-भाकरी पुन्यांदा करा. डब्यात द्या. आन् तुमी माझ्यासंगं पुण्याला चला." काकूंनी तोंडाला पदर लावला. असलं अन्न मागून घ्यायचं नसतं, हे त्यांनी तिला तीन-चार तऱ्हांनी सांगून पाहिलं. वैजू ऐकेना. आईला चल म्हटलं तर ती म्हणाली, "एकदा बगितलं तुला जाताना. आता परत न्हाई बगायची मी." तिच्यापुढे मात्र वैजूचं काही चाललं नाही.

कार्यक्रम पुण्याबाहेरच्या चित्रनगरीत होता. मोठा गोल मंच, मागे दुमजली पडदा, समोर प्रेक्षक, आणि पहिल्या रांगेत मांडीवर डबा घेऊन बसलेल्या शालनकाकू. सूत्रसंचालन करणारी मनवा हसरी आणि चलाख होती. तिनं वैजूचा हात हातात घेऊन स्वागत केलं, आईविषयी विचारलं, डोळे पुसले. मग ती म्हणाली, "आणि आता एक असा क्षण, जो टीव्हीवर आजवर आला नाही." मागच्या पडद्यावर वैजूची छाया उभी राहिली. खेळाचा पोशाख, तीच वेणी, छातीखाली हृदयाचा हिरवा आलेख. मंचाच्या मधोमध पळायचा पट्टा होता. वैजूनं त्यावर धावायचं आणि तिच्यासोबत पडद्यावर छाया धावणार.

"अगदी हळू हं," मनवा म्हणाली. "आपले डॉक्टर आहेत, बाहेर रुग्णवाहिका उभी आहे. काळजीचं काही कारण नाही."

वैजू पट्ट्यावर चढली. धावायची तिला सवय होती, न धावण्याची नव्हती. महिने झाले होते पाय मोकळे करून, आणि पट्टा सरकू लागताच पोटऱ्यांना जो आनंद झाला तो तिला लपवता आला नाही. मग तिची नजर मंचाच्या कडेला गेली. दार उघडं होतं. बाहेर रुग्णवाहिका खरंच उभी होती, आणि तिच्या मागच्या दारासमोर एक कॅमेरा आधीच लावून ठेवला होता. कॅमेरावाला दाराचा अंदाज घेत होता. स्ट्रेचर कुठून येईल, चेहऱ्यावर उजेड कसा पडेल, असला काहीतरी त्याचा हिशेब चालला होता.

ती पट्ट्यावरून खाली उतरली.

कबड्डीत अंगावर चौघी पडल्या की नवखी पोर हातपाय झाडते. जितकं झाडावं तितकी पकड घट्ट होते. वैजूला तिच्या प्रशिक्षकांनी पहिल्या वर्षी एकच शिकवलं होतं, की त्यांना हवी तशी धडपड करायची नाही, रेषा बघायची आणि बोट लांबवायचं. इथं सगळ्यांना तिची धडपड हवी होती. रडली तर हवी होती, भांडली तर हवी होती, पडली तर सगळ्यात जास्त हवी होती.

"काकू," ती म्हणाली, "डबा द्या इकडं."

शालनकाकू उठल्या, मंचावर चढल्या, डबा तिच्या हातात देऊन एवढ्या सगळ्या दिव्यांपुढे पदर सावरत परत जागेवर जाऊन बसल्या. वैजूनं खुर्ची ओढली, डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला.

"आमच्याकडं माणूस गेलं की शेजारी हे आणून देतात," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "माझ्यासाठी आलतं. मी गेले म्हणून. तवा आईनं खाऊ दिलं न्हाई. आज खाते. ह्यांच्याकडं माझ्या आणखी तालमी हाईत. त्यातल्या काहींत मी गोळ्या घेऊन बरी होते आन् घरला जाते. त्या कंटाळवाण्या हाईत म्हणून दावल्या न्हाईत. माझ्या डॉक्टरांना त्या पायजेत. मिळेस्तोवर मी इथं जेवणार हाय. बोलणार न्हाई, रडणार न्हाई, धावणार तर अजिबात न्हाई."

आणि ती जेवू लागली.

मनवानं प्रश्न विचारले. वैजूनं घास चावला. मनवानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आई आता काय बघत असेल असं विचारलं. वैजूनं पिठल्यातली मिरची बाजूला काढून ठेवली. जाहिराती लागल्या, संपल्या, आणि राज्यभरच्या पडद्यांवर पुन्हा एक बाई शांतपणे भाकरी खात होती. थेट कार्यक्रमात इतका वेळ काहीच न घडण्याची कुणालाच सवय नव्हती. प्रेक्षकांत आधी चुळबुळ झाली, मग कुणीतरी हसलं, मग मागच्या रांगेतून एका माणसानं साध्या आवाजात विचारलं, "अहो, दाखवा की त्या बरी झालेल्या."

दळवी मंचाच्या कडेला आला होता. दार लावून घ्या, जाहिराती लावा, जुना भाग चालवा, असं तो कानातल्या यंत्रात पुटपुटत होता. मग समोरच्या छोट्या पडद्यावर प्रेक्षकांचे निरोप येऊ लागले. आधी थोडे, मग वाचता येणार नाहीत इतके. सगळ्यांची मागणी एकच होती. तो माणूस व्यापारी होता. गोष्ट नाही म्हणून जी तालीम त्यानं फेकून दिली होती, तिच्यासाठीच आता सारा महाराष्ट्र पडद्यापुढे खिळून बसला होता, आणि हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं खूण केली.

पडद्यावरची छाया पुसली गेली आणि दुसरी आली. हिच्यावर शस्त्रक्रिया झालीच नाही. डॉक्टर झालेला नट टेबलामागे बसून औषध लिहून देत होता. मात्रा अगदी कमी. महिन्यानं थोडी वाढवली. मग थोडी आणखी. आलेख बिघडला तशी परत उतरवली, आणि त्या खेपेला तो सावरला. कुणी कुठं धावत गेलं नाही, कुणी मास्क खाली केला नाही. खरंच कंटाळवाणं होतं. वैजूला तिच्या आयुष्यात याहून सुंदर काही बघितल्याचं आठवत नव्हतं. वर्षं सरकली. छायेच्या कमरेवर जरा मांस चढलं, वेणीत पांढरे केस आले. शेवटी ती एका मैदानाच्या कडेला उभी राहून पंचाशी तावातावानं भांडत होती. मैदान, पंच, केस लेखकांनी घातले असतील. छातीखालचा हिरवा आलेख मात्र तिचा होता आणि तो भांडतानाही ठेक्यात चालला होता.

वैजूचा घास हातातच राहिला. तिला रडायचं नव्हतं, तसं तिनं सांगितलंही होतं, पण डोळ्यांनी ते ऐकलं नाही. पहिल्या रांगेत शालनकाकू मोठ्यानं नाक ओढत होत्या.

मांडीवरचा फोन थरथरला. डॉ. मुजावर होत्या. "औषधाचं नाव दिसलं, मात्राही उतरवून घेतल्या," त्या घाईनं म्हणाल्या. "हे बघ, ही एक तालीम आहे, वचन नव्हे. पण कुठून सुरुवात करायची ते मला आता कळलंय. उद्या ये." मागोमाग दुसरा फोन आला तो आईचा. नुसता श्वास ऐकू येत होता आणि मागे त्याच कार्यक्रमाचा आवाज. म्हणजे ती बघत होती.

दळवी टाळ्या वाजवत मंचावर आला. चेहऱ्यावर असा भाव, की हे सगळं त्यानंच घडवून आणलं. मनवानं सुटकेचा श्वास टाकला आणि प्रेक्षकांचे फोन घ्यायला सुरुवात केली. पहिला फोन अंबाजोगाईहून होता.

"माझं नाव इंदुमती लोखंडे," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज सभागृहभर ऐकू आला. सावकाश, एकेक शब्द जुळवत ती बोलत होती. "पहिल्या वर्षी तुमच्या कार्यक्रमात एक सायकलवाला पोरगा होता. शर्यतीतला. तो माझा संजीव. त्याच्या छायेचं मूत्रपिंड बदललं आन् ती वाचली न्हाई, असं तुमी दाखवलं. मंग आमी खऱ्या दवाखान्यात गेलोच न्हाई. म्हणलं, लेकराला कशाला फाडायचं, घरी आपल्यापाशी राहू द्या. तो संक्रांतीला गेला." ती थांबली. "मला भांडायचं न्हाई कुणाशी. फकस्त एवढंच इचारायचंय. त्याच्या किती तालमी केल्या होत्या तुमी? एखाद्या तरी तालमीत तो घरी आला होता का?"

मनवानं दळवीकडे पाहिलं. दळवीनं कडेला उभ्या असलेल्या वकिलाकडे पाहिलं. छोट्या पडद्यावर थांबलेल्या फोनांचे दिवे एकामागून एक लागत होते. नाशिक, गडचिरोली, मालवण, परभणी. कुणाची मुलगी, कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ. मालिका पाच वर्षं चालू होती.

कार्यक्रम संपवायची खूण झाली. मंचावरचे दिवे मंद होऊ लागले. वैजू उठली नाही. तिनं डोळे पुसले, डब्याचा दुसरा कप्पा उघडला. शालनकाकूंनी नेहमीप्रमाणे जास्तीच्या भाकरी दिल्या होत्या, घरात माणसं किती जमतील याचा नेम नसतो म्हणून. एक भाकरी काढून तिनं ती मोडली आणि दळवीकडे वळली.

"बसा," ती म्हणाली. "मावशींनी इचारलंय ते सांगा. किती जण घरला आलते?"